माझगावात बंदराच्या बाजूला घर घ्यावे का? बडोद्याचे घर विकण्यापूर्वी सल्ला हवा आहे

समेचा रहिवासी:

नमस्कार. माझे वय ६७ असून बडोद्याच्या समा भागात १९९४ साली घेतलेल्या टेनामेंटमध्ये, म्हणजे लहानशा स्वतंत्र घरात, आम्ही दोघे राहतो. एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त होऊन मला सात वर्षे झाली. एकुलता एक मुलगा मुंबईत फोर्टला नोकरी करतो आणि रोज ठाण्याहून ये-जा करतो. येथील घर विकून माझगावात, शक्यतो डॉकयार्ड रोड स्थानकाच्या जवळपास, घर घ्यावे असा विचार आमच्या घरी गेले वर्षभर चालला आहे. आता एका व्यवहाराचा बयाणा देण्यापर्यंत गोष्ट आली आहे, म्हणून आपणा सर्वांचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असे वाटते.

माझगावच का, हे आधी सांगतो. ते माझ्या पत्नीचे माहेर. तिचे वडील गोदीत कामाला होते. ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता बंदरातील सगळी जहाजे एकदम भोंगे वाजवतात, ते ऐकण्यासाठी चाळीतील सर्व मुले गच्चीवर जागत बसत, हे ती लग्नानंतर इतकी वर्षे दर वर्षी त्या रात्री न चुकता सांगत आली आहे. बडोद्यात तिने संसार केला, येथील माणसे जोडली, आणि परत जाण्याचा हट्ट तिने कधीही धरला नाही. मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या तळमजल्यात चार फूट चढले, तीन दिवस आम्ही वरच्या खोलीत मेणबत्तीवर काढले, आणि पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना ती प्रथमच म्हणाली, "आता आपण मुलाजवळ जाऊ या." तेव्हापासून मी घरे पाहत आहे.

तीन घरे पाहिली. पहिले १९७४ च्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, ४१५ चौरस फूट चटई क्षेत्राचे, लिफ्ट नाही, मागणी १ कोटी ७० लाख. समेचे घर विकून साधारण एवढीच रक्कम हाती येईल. दुसरे घर पत्नीच्या भाच्याने सुचवले. ती १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतीतील पागडीची खोली आहे, २१० चौरस फूट, किंमत ७५ लाख. तिच्या गॅलरीतून गोदीच्या क्रेन दिसतात आणि पुनर्विकासात मोठी जागा मिळणारच, असे भाच्याचे म्हणणे आहे. तिसरे घर बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये आहे. समुद्र दिसेल, पण त्यासाठी मुलाला मोठे कर्ज काढावे लागेल, आणि मला ते मनातून पटत नाही.

आमच्या वयाच्या माणसांनी हे करावे का, आणि करायचे असल्यास कागदपत्रांत व इमारतीत नेमके काय पाहावे, हे कृपया सांगावे.

---

कलाभवनचा विद्यार्थी:

आपले पत्र दोनदा वाचले. मी आपल्याच वयाचा आहे. बडोद्याच्या कलाभवनातून स्थापत्यशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे मुंबईत बावीस वर्षे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम केले, त्यातील बराच काळ भायखळा, माझगाव आणि शिवडी या पट्ट्यात गेला. त्यामुळे इमारतीबद्दल थोडे अधिकाराने लिहितो.

समुद्राजवळच्या सिमेंट काँक्रीटच्या इमारतीचा शत्रू म्हणजे खारी हवा. चांगल्या काँक्रीटमधील अल्कधर्मी गुणामुळे आतील सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपून तो गुण कमी करतो, आणि खाऱ्या हवेतील क्लोराइड तो थर थेट फोडते. मग सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे आतून दाब येतो, सळईच्या रेषेत तडा जातो आणि शेवटी स्लॅबचा पोपडा खाली पडतो. बडोद्यात पन्नास वर्षांची इमारत प्रौढ म्हणता येईल. माझगावात तेवढ्याच वयाच्या इमारतीची देखभाल चांगली झालेली नसेल, तर तिला वृद्धच समजावे.

म्हणून १९७४ च्या घरात पुन्हा जाल तेव्हा नव्या रंगाकडे पाहू नका. संडास-न्हाणीघराचा स्लॅब खालच्या मजल्यावरून पाहा, खिडक्यांच्या वरचे छज्जे पाहा, जिन्याच्या खालची बाजू पाहा, गच्चीवरील टाकीखालचे खांब पाहा. कोठे उभ्या रेषेत तडा असेल किंवा तपकिरी डाग उतरला असेल, तर नोंद करून ठेवा. घरात नुकतेच फॉल्स सीलिंग बसवलेले असेल, तर त्याचा एक भाग उघडून दाखवण्याचा आग्रह धरा. सचोटीचा विक्रेता नाही म्हणणार नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे, मुंबईत तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या अहवालाची संपूर्ण प्रत सोसायटीकडून मागा. इमारत सी-१ वर्गात असेल, तर ती अतिधोकादायक ठरून रिकामी करून पाडायची आहे. सी-२अ म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा पाडून मोठी संरचनात्मक दुरुस्ती. सी-२ब म्हणजे रहिवासी राहत असताना संरचनात्मक दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. अहवालात केवळ डोळ्यांनी केलेली पाहणी आहे, की सळईच्या गंजाची हाफ-सेल चाचणी, कार्बोनेशनची चाचणी आणि काँक्रीटचा गाभा काढून केलेली ताकदीची चाचणीही आहे, हे पाहा. दुसऱ्या प्रकारचा अहवाल असेल तरच त्यावर विसंबावे. दुरुस्तीचा खर्च सर्व सभासदांवर वाटला जातो, तेव्हा मागील पाच वर्षांच्या वार्षिक सभांची इतिवृत्ते वाचली, तर पुढे किती लाखांची वर्गणी येणार आहे याचा अंदाज घर घेण्याआधीच येतो.

हे सगळे एवढ्या काकुळतीने लिहिण्याचे कारण आहे. २७ सप्टेंबर २०१३ च्या सकाळी डॉकयार्ड रोडजवळ महापालिका कर्मचाऱ्यांची राहती इमारत कोसळून ६१ माणसे गेली. मी त्या दिवसांत त्याच भागात दुसऱ्या एका इमारतीच्या खांबांना टेकू देत होतो. तो ढिगारा पाहिल्यापासून "आपल्या इमारतीला काही होत नाही" हे वाक्य मला ऐकवत नाही.

लिफ्ट नसलेला तिसरा मजला आज आपल्याला जमेल. आणखी दहा वर्षांनी आपण ७७ चे असाल. मागच्या बाजूला लिफ्टचा मनोरा उभारण्याइतकी मोकळी जागा आहे का आणि सभासद त्यास राजी आहेत का, हे आजच विचारून ठेवावे.

---

माहेर भायखळा:

काका, काकूंच्या मनातले मला फार जवळून कळते, कारण माझे माहेरही त्याच पट्ट्यातले. लग्न होऊन मी बडोद्याला, बाबाजीपुऱ्यात आले. काकूंच्या ओढीला मी कधीही वेडेपणा म्हणणार नाही. पण पागडीच्या खोलीबद्दल मला लिहिलेच पाहिजे, कारण त्या एका शब्दापायी माझ्या आईवडिलांची बारा वर्षे गेली.

पागडीत आपण घर विकत घेत नाही, भाडेकरूचा हक्क विकत घेतो. मालक दुसराच असतो, आणि हक्क नव्या माणसाच्या नावावर करून देताना तो आपला वाटा घेतो. साधारण एक तृतीयांश घेण्याचा प्रघात आहे, पण प्रत्यक्षात आकडा मालकाच्या मनावर अवलंबून राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने अशी रक्कम घेण्यादेण्यास मान्यता दिली, एवढ्यावरून तो हक्क मालकीच्या बरोबरीचा होत नाही. बँका अशा जागेवर सहसा कर्ज देत नाहीत. ७५ लाखांत मालकाचा वाटा धरलेला आहे का, आणि भाडेपावती आपल्या नावावर करून देण्याचे मालकाने लेखी मान्य केले आहे का, हे दोन प्रश्न भाच्याला आजच विचारा. भाडेपावतीवर नाव चढल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आता पुनर्विकासाबद्दल. आमची इमारतही १९४० पूर्वीची, म्हणजे उपकरप्राप्त इमारतींच्या 'अ' वर्गातली. २००९ मध्ये एका विकासकाने ७० टक्क्यांहून अधिक भाडेकरूंची संमती गोळा केली आणि इमारत रिकामी करून घेतली. तीन वर्षांत नवे घर आणि तोपर्यंत दरमहा पर्यायी जागेचे भाडे, असे करारात होते. भाडे अडीच वर्षे आले, मग थांबले. आईवडील आधी कल्याणला भाड्याने राहिले, नंतर तेही परवडेना म्हणून माझ्याकडे बडोद्याला आले. बाबांनी जुन्या खोलीच्या सगळ्या पावत्या एका पत्र्याच्या डब्यात जपल्या होत्या. दर दिवाळीला डबा उघडून ते त्या क्रमाने लावून ठेवत, कारण ताबा मिळताना एखादी पावती कमी पडू नये. २०१६ मध्ये ते गेले. घराचा ताबा २०२१ मध्ये मिळाला, तोवर आई ७९ वर्षांची झाली होती. नियमाने किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळते, तेवढे तिला मिळाले, आणि चाव्या घेताना ती मला म्हणाली की ज्यांनी पावत्या लावल्या त्यांनी हे घर पाहिले नाही.

आमच्या शेजारच्या गल्लीतली इमारत चार वर्षांत उभी राहिली, हेही खरे आहे. सगळ्यांच्या वाट्याला आमच्यासारखे येत नाही. पण ज्याच्याकडे वीस-पंचवीस वर्षे आहेत त्यानेच ही वाट पाहावी. काका, आपण ६७ वर्षांचे आहात. कृपा करून पुनर्विकासाच्या आशेवर घर घेऊ नका.

---

घोडपदेवचा बडोदेकर:

मी मूळचा रावपुऱ्याचा, गेली सहा वर्षे घोडपदेवला भाड्याने राहतो. येथे रोजचे जगणे कसे आहे एवढेच सांगतो.

सोयी फार चांगल्या आहेत. डॉकयार्ड रोडहून सँडहर्स्ट रोड, मशीद आणि मग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे आपल्या मुलाचा रोजचा दीड-दोन तासांचा प्रवास वाचेल. बडोद्याहून येणाऱ्या ज्या गाड्या मुंबई सेंट्रलला येतात, त्यांतून उतरल्यावर टॅक्सीने घर जवळच आहे. जे. जे. आणि मसीना ही दोन्ही रुग्णालये जवळ आहेत. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० पासून चालू आहे, तिच्यात गाडी घालून अलिबागला जाता येते.

त्रासही सांगितला पाहिजे. पी. डिमेलो रस्त्यावर बंदराकडे जाणारे ट्रक रात्रीसुद्धा धावतात, वरून २०१३ पासून पूर्व मुक्त मार्ग जातो. दारूखान्याकडे जुनी जहाजे तोडण्याचे आणि भंगाराचे काम चालते, त्याची धूळ वारा असेल त्या बाजूला जाते. घर पाहायला दलाल नेहमी रविवारी दुपारी बोलावतात, तेव्हा सगळे शांत असते. आपण मंगळवारी रात्री अकरा वाजता आणि पहाटे पाच वाजता त्या खिडकीत उभे राहून पाहावे.

पुराबद्दल एक शब्द. समुद्राजवळ म्हणजे पाणी जास्त भरणार, असा आपल्याकडे समज आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच काळात कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर. म्हणजे शहराच्या एका टोकाची गोष्ट दुसऱ्या टोकाला लागू होत नाही. माझगावात टेकडीचा भाग उंच आहे, खालचे काही रस्ते सखल आहेत. साडेचार मीटरहून मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला, की समुद्रात पाणी सोडणाऱ्या नाल्यांची तोंडे निरुपयोगी होतात आणि सखल भागात पाणी साचते. ते पाणी ओहोटी लागली की काही तासांत उतरते. विश्वामित्रीसारखे तीन-तीन दिवस थांबलेले मी येथे पाहिलेले नाही.

---

समेचा रहिवासी:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. 'माहेर भायखळा' यांचे पत्र मी पत्नीला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने स्वतःच भाच्याला फोन करून खोली नको असल्याचे कळवले.

काल मी १९७४ च्या इमारतीच्या सचिवांशी बोललो. ऑडिटचा अहवाल आहे, इमारत सी-२ब वर्गात आहे आणि दुरुस्तीसाठी निधी जमवणे चालू आहे, असे ते म्हणाले. पण बोलता बोलता एक नवी गोष्ट कळली. जमीन सोसायटीच्या मालकीची नाही, ती पट्ट्याने (लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याने) घेतलेली आहे. मूळ पट्ट्याची मुदत संपलेली असून नूतनीकरण प्रलंबित आहे. दलालाने हे सांगितले नव्हते. "इथे सगळ्यांचे असेच आहे, कोणी कोणाला बाहेर काढत नाही," असे सचिव म्हणाले. हे कितपत गंभीर समजावे?

---

कलाभवनचा विद्यार्थी:

गंभीर समजावे. सचिवांचे म्हणणे खोटे नाही, पण ते राहणाऱ्याच्या दृष्टीने आहे आणि आपण घेणारे आहात.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरची फार मोठी जमीन बंदराच्या मालकीची आहे, रेल्वेच्या पूर्वेला तर बहुतेक तीच. याखेरीज सरकारी पट्ट्याच्या जमिनीही शहरात पुष्कळ आहेत. पट्ट्याच्या जमिनीवरील घर घेताना आपण भिंती आणि छप्पर विकत घेतो, पायाखालची जमीन भाड्याची राहते. मुदत संपलेली असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी नवे भाडे किती आणि मागील थकबाकी कोणत्या दराने, हे दोन्ही अनिश्चित असतात. बंदराच्या जमिनींवरील भाडेवाढीचा वाद कित्येक वर्षे चालून २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तसा भार आला, तर तो शेवटी सभासदांवरच वाटला जाईल. शिवाय पट्टा जिवंत नसेल, तर बँका कर्ज देताना कचरतात. आपल्याला कर्ज नको असेल, पण उद्या हे घर आपल्या मुलाकडून घेणाऱ्याला हवे असेल, आणि त्या वेळी गिऱ्हाईक मिळणे कठीण होईल. पट्टा देणाऱ्याच्या परवानगीशिवाय पुनर्विकासही होत नाही, आणि पन्नास वर्षांच्या सी-२ब इमारतीला तो आज ना उद्या लागणारच आहे.

तेव्हा नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा स्वतः काढा, सोसायटीने दिलेल्या छायाप्रतीवर थांबू नका. त्यावर धारणाधिकार कोणता (जमीन मालकीची की पट्ट्याची) आणि पट्टेदार कोण, हे लिहिलेले असते. सोबत मूळ पट्टा, नूतनीकरणाचा सगळा पत्रव्यवहार, भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहण्यास परवानगी असल्याचा महापालिकेचा दाखला) आणि पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतच्या करारांची साखळी, एवढे मुंबईतील वकिलाकडून तपासून घ्यावे. वकील आपण निवडावा, दलालाने सुचवलेला नको.

आणि समुद्र दिसण्यासाठी जादा किंमत देताना एक ध्यानात ठेवावे. खिडकी आणि पाणी यांच्या मध्ये जी मोकळी जमीन दिसते, ती दुसऱ्याची आहे. तिच्यावर उद्या काय उभे राहील हे आपल्या हाती नाही.

---

हिशेबनीस:

मी बडोद्यात करसल्लागाराचे काम करतो. खरेदीच्या निर्णयात शिरत नाही, आकडे तेवढे मांडतो.

समेचे घर १९९४ चे असल्यामुळे भांडवली नफा मोजताना मूळ किमतीऐवजी १ एप्रिल २००१ चे वाजवी बाजारमूल्य धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा दाखला घ्या. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला दोन्ही पद्धतींनी कर मोजून कमी येईल तो भरता येतो: महागाई निर्देशांकाविना १२.५ टक्के किंवा निर्देशांकासह (मूळ किंमत महागाईनुसार वाढवून धरून) २० टक्के. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत राहते घर विकत घेतल्यास गुंतवलेल्या नफ्यावर सवलत मिळते. बांधून घेतल्यास मुदत तीन वर्षांची आहे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नसतील, तर ते बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. नवे घर तीन वर्षांच्या आत विकले, तर सवलत परत जाते. भाडेहक्क म्हणजे घराची मालकी नव्हे, म्हणून पागडीच्या खोलीवर ही सवलत गृहीत धरू नये.

एका ठिकाणी पुष्कळ लोक फसतात. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे, आणि खरेदी केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर ५ टक्के. १ कोटी ७० लाखांवर हा फरक १ लाख ७० हजारांचा होतो, म्हणून दलाल "वहिनींच्या नावावर घ्या" असे सुचवतात. पण समेचे घर आपल्या नावावर असेल आणि नवे घर फक्त वहिनींच्या, तर आपल्याला मिळणाऱ्या सवलतीवर आक्षेप येऊ शकतो. त्यापेक्षा आपले नाव करारात असू द्यावे. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३० हजार रुपये. व्यवहार ५० लाखांचा किंवा अधिक असल्यास खरेदीदाराने विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का कर कापून सरकारकडे भरायचा असतो, ते काम आपल्याकडे येईल.

मुलाच्या कर्जावर टॉवरमध्ये घ्यायचे ठरलेच, तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर विकासकाने जाहीर केलेली पूर्णत्वाची तारीख आधी पाहा. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा विकासकाला अधिकार नाही. बांधकाम चालू असलेल्या अशा घरावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर तो लागत नाही.

आणखी एक विचारू का? १ कोटी ७० लाख ७ टक्क्यांनी ठेवले, तर कर जाण्यापूर्वी वर्षाला ११ लाख ९० हजार येतात, म्हणजे महिन्याला एक लाखाच्या जवळपास. तशाच घराचे माझगावातील भाडे किती आहे, हे घोडपदेवच्या मित्राने सांगावे.

---

घोडपदेवचा बडोदेकर:

माझ्या इमारतीत एवढ्याच आकाराचे घर लीव्ह अँड लायसन्स करारावर महिना ५२ हजारांना गेले आहे, आणि त्या इमारतीला लिफ्ट आहे.

---

समेचा रहिवासी (सौ. लिहीत आहे):

नमस्कार. यांच्या खात्यावरून मी लिहिते आहे, कारण इतके दिवस सगळे माझ्यासाठी लिहीत होते आणि मी मात्र काहीच लिहिले नव्हते.

मला समुद्र दिसणारी खिडकी नको आहे. आमच्या चाळीतून समुद्र कधीच दिसत नसे. समोर गोदामाची भिंत होती, आणि समुद्र पाहायचा तर टेकडीवरच्या जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानात चढून जावे लागे. तिथून गोदी, क्रेन आणि पलीकडचे डोंगर दिसत, आणि पायांखाली पाण्याचा मोठा जलाशय आहे असे वडील सांगत. मला हवे आहे ते इतकेच, की मुलगा संध्याकाळी सात वाजता घरी यावा, आणि पाऊस सुरू झाला की नदी किती चढली हे रात्रभर मोबाइलवर पाहावे लागू नये. हे दुसरे दुःख समा भागातल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

'माहेर भायखळा' यांच्या वडिलांच्या डब्याची गोष्ट ऐकून मला माझे वडील आठवले. ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

आम्ही बयाणा दिलेला नाही. पट्ट्याची कागदपत्रे पाहण्यासाठी यांनी मुंबईतील एका वकिलांना गाठले आहे, पण त्या घरावरचे माझे मन उडाले आहे, कारण जी गोष्ट पहिल्या भेटीत सांगायला हवी होती ती आम्हाला विचारून काढावी लागली. समेचे घर सध्या विकायचे नाही. तळमजला बंद ठेवून वरची खोली आमच्या शेजारच्या मुलाला, जो येथे विद्यापीठात शिकतो, वापरायला देणार आहोत. आम्ही दोघे आणि मुलगा मिळून जूनपासून अकरा महिन्यांसाठी माझगावात लिफ्ट असलेले घर भाड्याने घेत आहोत. म्हणजे पावसाळाही पाहून होईल आणि ३१ डिसेंबरही. भाड्यातला अर्धा वाटा मुलगा उचलणार आहे. ठाण्याचे भाडे त्याचे वाचतेच आहे. हिशेबनीसांनी मांडलेला आकडा यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आहे.

घोडपदेवच्या बडोदेकरांना एक विचारायचे आहे. भाऊच्या धक्क्यावर आता पहाटे किती वाजता गेले म्हणजे ताजे बोंबील मिळतात? आम्ही वडिलांबरोबर साडेपाचला जात असू.

---

घोडपदेवचा बडोदेकर:

काकू, पाचच्या आत. पहिल्या दिवशी मी सोबत येईन, पिशवी मात्र तुमची.